क्रेप पेपरचा झेंडू

आमची पोरगी घरात दिवसभर टकळी चालवते, निम्मी मराठी, निम्मी हिंदी. शाळेत मात्र दोन वर्षांत तिच्या तोंडून ब्र निघालेला नाही. शेवटी तिच्या मॅमनी मला बोलावून सांगितलं, "ॲन्युअल फंक्शन में एक लाइन बोल दे, बस. नहीं तो अगले साल दूसरा स्कूल देख लीजिए जी." दुसरी शाळा! चंदीगडातल्या बाकीच्या शाळांनी मुलाखतीतच नकार दिला होता, ही गप्प बसली म्हणून.

तिला झेंडूचं फूल केलं होतं. 'मैं गेंदे का फूल हूँ.' एवढंच बोलायचं होतं हो!

"ड्रेस भाड्याने आण ना यार," नवरा म्हणाला. मी ऐकलं नाही. हाताला काम नसतं तर मला वेड लागलं असतं. सेक्टर १७ मधून केशरी क्रेप पेपर आणला आणि घाईत पहिला रोल उलट्या दिशेने कापला. हा कागद एकाच बाजूने ताणला जातो. मी कडा ओढायला गेले की टरकन फाटायचा. रागाने सगळा चोळामोळा करून फेकला, पुन्हा पट्ट्या कापल्या, अंगठ्यांनी ताणून झालरी केल्या. लेक शेजारी बसून ओळ म्हणत होती, अगदी खणखणीत. ऐकून माझा जीव तुटत होता. मग तिथेच काय होतं गं तुला?

स्टेजवर तिच्यापुढे माइक आला. ती उभीच. मी खालून ओठ हलवून ओळ म्हणत होते. बोल गं बाई, बोल! तेवढ्यात तिच्या पांढऱ्या मोज्यांवर केशरी ओघळ दिसले. पोरीला शू झाली होती आणि कागदाचा रंग सुटला होता. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी लोकांच्या पायांवर पाय देत वर गेले आणि तिला उचललं.

"कोई बात नहीं जी," मॅम म्हणाल्या, पण माझ्याकडे बघेनात. संपलं सगळं. आता हिला घेऊन कोणाच्या दारात उभी राहू?

गेटबाहेर आल्यावर लेक माझ्या कानाशी लागली. आवाजात नुसता आनंद.

"आई, मी बोलले! मन में. पूरी लाइन. तुला ऐकू आली ना?"

"आली गं राणी," मी म्हटलं.

"फिर मॅम को भी आई होगी ना?"