उभ्या माणसांची हजेरी

शनिवार, ७ जून २००३. सकाळी ढगाळ, दुपारनंतर ऊन. न्याहारीला उपमा. अनिकाचा पियानोचा क्लास अकरा वाजता. संध्याकाळी मॅच. लाउडस्पीकरवर सांगितलेली प्रेक्षकसंख्या ६,१२०. मी मोजलेली ३,८७२. आपण एका गोलने हरलो. त्र्यंबकराव रागावले व मॅच संपायच्या आत उठून गेले.

शरयूताईंच्या डायरीत कुणाच्या रागालोभाला सहसा जागा मिळत नसे. घडलं ते लिहायचं आणि वाटलं ते देवाला सांगायचं, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टांची शिस्त. रोज सहा ओळी. लग्न झालं, पुढे त्याच शाळेत तीस वर्षं शिकवलं, यजमान गेले, मुलगा उल्हास इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला घेऊन आला, तरी सहा ओळी चुकल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्या पेनला टोपण न लावता बसून राहिल्या. घडलेलंच लिहिलं होतं. तरी ते कमी वाटत होतं.

त्र्यंबक इंगवले मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर चाळीस वर्षं काढलेली. उजव्या हाताचा अंगठा नखाशी चपटा झालेला. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघातून डाव्या बाजूला बॅक खेळायचे. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही, तो तिथल्या मातीतच असतो. बायको गेली, मागोमाग बायपास झाली, तेव्हा मुलगी सुनेत्रा त्यांना हट्टानं इथे घेऊन आली. घर मोठं होतं, फ्रीज भरलेला होता, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बोलायला एक माणूस नव्हता. गाडी चालवता येत नाही म्हणजे या देशात पायच नाहीत. असे दीड वर्ष ते खिडकीपाशी बसून होते.

मग कळलं, की प्रेअरी रोव्हर्स नावाचा एक क्लब शेजारच्या कॉलेजच्या मैदानावर खेळायला आला आहे. त्याचं जुनं मैदान पाडलं होतं, म्हणून तात्पुरता. सुनेत्राच्या घरापासून चालत अठरा मिनिटं. त्या उन्हाळ्यात त्र्यंबकराव पुन्हा माणसात आले.

शरयूताईंची त्यांची ओळख तिथलीच. अनिकाच्या शाळेला मॅचची फुकट तिकिटं मिळाली होती, म्हणून आजी नातीला घेऊन गेली. पुढच्या बाकावरून अचानक कुणीतरी ओरडलं, "आरं पास दे की डावीकडं! मोकळा उभा हाय तिकडं त्यो!" सगळ्या स्टँडमध्ये ते वाक्य कळलेली एकच व्यक्ती होती. तिनं खांद्यावर बोटानं टकटक केली आणि म्हटलं, "तो नव्हता मोकळा. ऑफसाइड होता."

त्र्यंबकरावांनी वळून पाहिलं. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर वही. "बाई, तुमाला कसं म्हाईत?"

"आमच्या सिस्टर आयर्लंडच्या होत्या. पावसाळ्यात आम्हाला हॉलमध्ये बसवून सगळे नियम पाठ करून घ्यायच्या."

अनिकाला तीन मॅचनंतर कंटाळा आला. आजीला आला नाही. दर घरच्या मॅचला दोघं एकाच बाकावर. त्र्यंबकराव शेंगदाणे आणत, शरयूताई थर्मासमधून चहा. त्यांनी कोल्हापूरच्या मॅच सांगायच्या, यांनी ऐकता ऐकता माणसं मोजायची. मोजायची सवय शाळेतली. एका रांगेत चोवीस, किती रांगा भरलेल्या, किती जागा रिकाम्या. डायरीत दोन आकडे यायचे, लाउडस्पीकरचा आणि आपला. लाउडस्पीकरवाले वाटलेली तिकिटं धरून बोलतात, आलेली माणसं धरून नाही, हे त्यांना दुसऱ्याच मॅचला उमगलं होतं. त्यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. वहीत मात्र खरं हवं.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात बातमी आली. क्लबला शहराच्या दक्षिणेला नवं स्टेडियम बांधायचं होतं. वीस हजार खुर्च्या, वर छत, आत रेस्टॉरंट. इथून गाडीनं तास, सवा तास. आगगाडी तिकडे जात नाही, बसही नाही.

"स्टेडियम गेलं तर मी बी जातो कोल्हापूरला," त्र्यंबकराव एकदा शेंगदाण्याची टरफलं रुमालात गोळा करत म्हणाले. हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज.

"एकटे राहणार? बायपास झालेली माणसं तुम्ही."

"हितं काय मोठा दरबार भरतोय माझा? सुनेत्राला सांगून टाकलंय, सप्टेंबरचं तिकीट काढ. तिनं काढलंय. रडली, पन काढलं."

शरयूताईंनी ते त्या दिवशी डायरीत लिहिलं नाही.

आशा एकच होती. क्लबला इथेच ठेवून कॉलेजचे स्टँड वाढवावेत, असा अर्ज चाहत्यांनी नगर परिषदेकडे केला होता. एक जुलैला सुनावणी. अर्जाच्या मागे होती रोझा, गोलपोस्टामागे ढोल वाजवणाऱ्या टोळीची म्होरकी. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, आठवडाभर शाळेची बस चालवणारी. तिला आकडे हवे होते, आणि त्र्यंबकरावांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत छाती फुगवून तिला सांगून ठेवलं होतं, की आमच्या बाईंकडे प्रत्येक मॅचचा आकडा आहे, एकदम पक्का.

सात जूनला त्र्यंबकरावांनी वही मागितली. शरयूताईंनी दिली. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली, आणि चेहरा उतरत गेला.

"ह्ये काय? तीन हजार आठशे? मागल्या खेपेला तीन हजार पाचशे?"

"तेवढीच होती."

"त्ये सहा हजार म्हनत्यात की वो!"

"ते म्हणतात. मी मोजते."

"आवो बाई, आमच्या कोल्हापुरात मॅच असली की मुंगीला शिरायला जागा नसती. हितं तुमी अर्धं मैदान रिकामं म्हनून लिवून ठेवलंय. रोझाला काय दावू मी? ह्ये?"

"खरं ते दाखवा."

"खऱ्यानं काय मैदान ऱ्हातंय व्हय," ते म्हणाले. वही बाकावर ठेवली, टोपी घातली आणि निघून गेले. शेंगदाण्याची पुडी तशीच राहिली.

पुढची घरची मॅच एकवीस तारखेला होती. शरयूताई अर्धा तास आधी जाऊन बसल्या. शेजारी थर्मास ठेवून जागा धरली. खेळ सुरू झाला तरी जागा रिकामीच. त्यांनी बळेच मोजायला घेतलं. पूर्वेचा स्टँड, पश्चिमेचा स्टँड, कोपरे. तीन हजार नऊशे चार. आकडा लिहिला आणि सहज नजर गोलपोस्टामागे गेली.

त्र्यंबकराव तिथे होते. रोझाच्या शेजारी, गळ्यात लाल मफलर, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते. आजूबाजूला सगळे उड्या मारत होते.

बरे आहेत म्हणायचे, असं वाटून त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी वहीतल्या आकड्याकडे पाहिलं. तीन हजार नऊशे चार. यात त्र्यंबकराव होते का?

नव्हते. त्यांनी रांगा मोजल्या होत्या. गोलपोस्टामागे रांगाच नव्हत्या. तिथले लोक कधी बसतच नाहीत, नव्वद मिनिटं उभे असतात. आणि शरयूताईंच्या शाळेत घंटा झाल्यावर जी मुलगी बाकावर ती हजर. जी उभी, ती उशिरा आलेली, तिच्या नावापुढे लाल फुली. तीस वर्षं त्यांनी अशी हजेरी घेतली होती, आणि तीच नजर घेऊन त्या इथे आल्या होत्या. एका मॅचलाही उभी माणसं त्यांच्या मोजणीत आली नव्हती. जी पावसात येतात, हरल्यावरही गातात, ती सगळी गैरहजर.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डायरीत खोटं निघालं होतं, तेही इतक्या नीटनेटक्या अक्षरात.

त्या उठल्या. गुडघ्याला हात लावत पायऱ्या उतरल्या आणि मैदानाला वळसा घालून गोलपोस्टामागे पोचल्या. उड्या मारणारी माणसं मोजता येईनात. दोनदा प्रयत्न केला, दोनदा वेगळा आकडा. मध्यंतर झालं तसं त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, चार रेघा मारल्या आणि समोरच्या दाढीवाल्याला शाळेतल्याच आवाजात विचारलं, "नेम? व्हेअर डू यू लिव्ह? हाऊ डू यू कम?"

दाढीवाल्यानं टोपी काढून उत्तर दिलं.

त्र्यंबकराव लांबून बघत होते. शेवटी न राहवून आले. "काय चाललंय बाई?"

"हजेरी. माझी चूक झाली. मी उभ्यांना धरलंच नव्हतं."

त्यांनी वहीतल्या नावांवर नजर फिरवली. मग म्हणाले, "त्ये पल्याडचं टोळकं मी करतो. तुमी ह्ये करा. माझं इंग्लिश त्यास्नी चालतंय."

"स्पेलिंग विचारून घ्या."

"आता शाळा नका घेऊ माझी."

मॅच संपेपर्यंत दोनशे अठ्ठ्याऐंशी नावं झाली. पत्ते होते, पुढे कसे येतात तेही होतं. शरयूताईंनी पहिल्या ओळीत स्वतः लिहिलं होतं: इंगवले त्र्यंबक, चालत.

एक जुलैला नगर परिषदेच्या सभागृहात प्रत्येकाला तीन मिनिटं होती. आसपासचे रहिवासी आवाजाबद्दल आणि रस्त्यावर लावलेल्या गाड्यांबद्दल बोलले. रोझा बोलली. मग शरयूताई उठल्या आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, की मागच्या मॅचला चार हजार एकशे ब्याण्णव माणसं होती, तीन हजार नऊशे चार बसलेली, दोनशे अठ्ठ्याऐंशी उभी. याआधीच्या मॅचचे त्यांच्याकडचे आकडे चुकीचे आहेत आणि ती चूक सर्वस्वी त्यांची आहे.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, क्लब सहा हजार म्हणतो. आम्ही कुणाचं धरायचं?"

"माझं," शरयूताई म्हणाल्या. "त्यांनी मोजलेले नाहीत."

सभागृह हसलं. क्लबचे वकीलसुद्धा हसले. आणि मग त्याच वकिलांनी उठून अदबीनं सांगितलं, की दक्षिणेच्या जागेचा करार गेल्याच आठवड्यात झाला आहे. नव्या मोसमापासून क्लब तिकडे जाईल. परिषदेचे आभार.

म्हणजे आकडा सहा हजार असता काय आणि साठ हजार असता काय.

बाहेर आल्यावर सगळे पायऱ्यांवर घोळका करून उभे राहिले. घरी जायचं कुणाच्या मनात नव्हतं. त्र्यंबकराव कठड्याला टेकले होते. सुनेत्रा गाडी आणायला गेली होती.

"संपलं," ते म्हणाले. "खरं सांगून बघितलं, खोटं बी सांगून बघितलं असतं. संपलंच असतं."

शरयूताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना समजूत घालता येत नसे, कधीच आली नव्हती. त्यांनी वही उघडली. "एक विचारायचं होतं. हा शेवटचा रकाना बघा. 'चालत' असं लिहिलेले त्रेसष्ट आहेत. कुणाकडे गाडी नाही, कुणाचं वय झालंय, कुणाची नजर अधू झालीय. मला वाटत होतं तुम्ही एकटेच."

त्र्यंबकरावांनी वही हातात घेतली. चपट्या अंगठ्यानं एकेक ओळ खाली सरकवत वाचत गेले. दोनतीन नावांपाशी थांबले. "ह्यो म्हातारा पोलंडचा. ह्यो बी चालत येतो? त्याला तर माझ्यापेक्षा लांब पडतंय." मग त्यांनी वही रोझापुढे धरली. "रोझा. सिक्स्टी थ्री. नो कार."

रोझानं रकाना पाहिला. ओठ हलवत आपलंच काहीतरी मोजलं. मग म्हणाली, की तिची कंपनी शनिवारी पिवळ्या बस भाड्यानं देते, चाळीस माणसं जमली तर. आणि नव्या स्टेडियमपर्यंत ती स्वतः चालवेल, शनिवारी तिला कुणी आडवं येत नाही.

ते त्र्यंबकरावांना पुरतं कळलं की नाही, म्हणून शरयूताईंनी मराठीत सांगितलं.

"म्हंजे शाळेची बस? ती पिवळी?" ते म्हणाले.

"तीच."

"गुडघे मावत न्हाईत वो त्या शिटात. नातवाच्या शाळेत बसून बघितलंय मी."

"मग मधल्या वाटेवरची जागा धरा. पाय पसरता येतात."

"आन तुमी?"

"मला खिडकी लागते. मला उलटी होते."

त्र्यंबकराव हसले नाहीत. वही मिटून त्यांनी ती शरयूताईंना परत दिली, दोन्ही हातांनी, देवळातला प्रसाद द्यावा तशी. सुनेत्राची गाडी समोर येऊन थांबली होती. ते पुढचं दार उघडून बसले, काच खाली केली. आणि आत मुलीशी बोलताना त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला, "सुनेत्रा, ते सप्टेंबरचं तिकीट कॅन्सल करता येतंय का बघ गं. कोल्हापुरात पाऊस संपला नसंल अजून, आन ह्या म्हाताऱ्यास्नी बसमध्ये चढवायला कुनीतरी पायजे."

स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून सुनेत्रा समोर बघत राहिली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा निघाली.

शरयूताईंना न्यायला उल्हास आला. घरी जाऊन त्यांनी पाय धुतले, देवापाशी दिवा लावला, जेवल्या, आणि डायरी काढली. तारीख, हवा, सुनावणीची वेळ, निकाल. त्र्यंबकराव राहणार आहेत. पाच ओळी झाल्या. सहावी लिहायला थोडा वेळ लागला.

स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे. खाली पातेलं ठेवलं आहे, उल्हास शनिवारी वॉशर बदलेल.