शाहिराच्या फोनची बॅटरी

खडी गंमत ही आमच्या भंडाऱ्याकडची उभ्याने गायची कला. पुढे डफ घेतलेला शाहीर, मागे झीलकरी. शाहिराने ओळ टाकायची, तिचं शेवटचं टोक झीलकऱ्यांनी उचलून लांबवायचं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा दुपारभर लोक उन्हात उभं राहून हे ऐकतात. करडी गावच्या आमच्या पार्टीत मी उभा जन्म झीलकरी होतो आणि माझा बालमित्र शाहीर होता.

मला त्याचा हेवा वाटायचा. मंडईच्या आधी महिनाभर मी कोमट पाणी प्यायचो, आंबट सोडायचो. तो सकाळी दही खाऊन यायचा आणि डफावर थाप पडली की त्याचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला जायचा. माझी बायको भाजी चिरताना त्याची ओळ त्याच्याच ढंगाने गुणगुणायची. मी मागून झील दिली की गप्प व्हायची.

मी गावच्या नळयोजनेचा पंप चालवायचो. रिटायर झाल्यावर मुलाने मोठा फोन घेऊन दिला आणि त्यात माझं डोकं बरं चाललं. कोणत्या अ‍ॅपला किती बॅटरी वापरू द्यायची हे आपण ठरवू शकतो, हे मला सापडलं. सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी असते. एकेकावर बोट ठेवलं की तीन पर्याय येतात. एक मोकळा. दुसरा फोन स्वतःच्या अंदाजाने चालवतो तो. तिसरा रिस्ट्रिक्टेड, म्हणजे आपण उघडू तेव्हाच ते अ‍ॅप जागं होणार, एरवी झोपलेलं. कोणत्या मोहल्ल्याला किती वेळ पाणी सोडायचं हे मी वर्षानुवर्षं ठरवलं होतं, त्यामुळे मला ते अवघड गेलं नाही. गावातले लोक फोन घेऊन माझ्याकडे यायला लागले. एखाद्या गोष्टीसाठी लोक माझं घर विचारत येतात, हे मी म्हातारपणी पहिल्यांदा पाहिलं.

मित्र त्याची बायको वारल्यावर मुलाकडे कारध्याला राहायला गेला होता. तिथून तालमीला बसने यायचा. आमचा ढोलकीवाला शाळेत मास्तर आहे. संध्याकाळी तालीम असली की तो दुपारी पार्टीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मित्र माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि फोन पुढे केला.

"हे पाय गा. सकाळी भरतो तं दुपारी मरते. पोरगा म्हनते नवा घेऊन देतो. मी म्हणलं, कायले? आमचा पंपवाला हाये न."

"घे न नवा. एवढा शाहीर मानूस, तुले शोभते का हा डबडा?"

"राहू दे. तुह्यासारखाच हाये. जुना झाला पन सुटत नाई."

आम्ही दोघंही हसलो. बायकोने त्याला चहाला आत बोलावलं. मी फोन घेऊन बाहेरच बसलो. व्हिडिओचं अ‍ॅप बंद केलं, बातम्यांचं केलं, कुठल्याशा खेळाचं केलं. एवढ्याने बॅटरी टिकली असती. मग यादीत मेसेजचं अ‍ॅप आलं. ते मोकळं सोडायचं असतं, हे मी कितीतरी लोकांना स्वतः सांगितलं होतं. आतून त्याच्या गाण्याची ओळ ऐकू आली. बायकोनेच म्हणायला लावली असणार, ती हसत होती. मी त्या अ‍ॅपला रिस्ट्रिक्टेड केलं.

त्याची बॅटरी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायला लागली. त्याने माझं नाव कारधाभर केलं. पण मेसेजचं अ‍ॅप तो रात्री जेवण झाल्यावरच उघडायचा आणि तेव्हा दिवसभराचे मेसेज एकदम यायचे. तोवर इकडे तालीम उरकलेली. त्याने मला फोन केला.

"अगा, तालीम झाल्यावर मले सांगून राहिले बा हे. काहून?"

मेसेजखाली बारीक अक्षरात वेळ असते. ती त्याने पाहिली नव्हती आणि मी पाहायला सांगितली नाही.

"आजकालची पोरं हायेत बाप्पा," मी म्हटलं. "त्यायच्या मनात काय हाये, कोन जाने."

इकडे ढोलकीवाला विचारायचा, "शाहीर काहून नाई आले? काका, तुम्हीच फोन करून पाहा न. तुमचंच ऐकते ते."

मी फोन घेऊन तळ्याच्या पाळीवर जायचो आणि परत येऊन सांगायचो, "नाही म्हनते. आता होत नाही म्हनते." असं चार वेळा झालं. पाचव्या तालमीला डफ माझ्या हातात आला.

मंडईच्या दिवशी मी पुढे उभा राहिलो. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्याला झील तुटायला लागली, कारण पार्टीतला पक्का झीलकरी मीच होतो आणि मी तर पुढे होतो. एवढ्यात चिवड्याच्या दुकानाजवळून, गर्दीतून, माझ्या ओळीचं टोक कोणीतरी उचललं. भरलेला, सरळ आवाज. मित्र नुसता पाहायला आला होता. डफ माझ्याकडे होता, तो झील देत होता, तरी माना सगळ्या त्याच्याकडे वळल्या. माझी बुडती ओळ त्याने वर काढली होती आणि मी मनात जळत होतो.

नंतर जवळ येऊन तो म्हणाला, "चांगलं म्हणलं तू." मग डफाकडे पाहत, "माहा आवाज आता मांगूनच बरा वाटत असन लोकाइले."

पुढे त्याची सून बाजारात भेटली. म्हणाली, "बाबा आता घरीपन काही म्हनत नाहीत. डफ बांधून माळ्यावर टाकला." ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागेना.

यंदा दसऱ्याच्या आधी मी कारध्याला गेलो. फोनमध्ये काय अडकलंय ते सांगितलं आणि हात पुढे केला. त्याने फोन छातीशी ओढला.

"तू हात नोको लावू. सांग फक्त."

मी सांगत गेलो, तो दाबत गेला. सेटिंग, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी, मग वरचा पर्याय.

"चुकून लागलं असन गा," तो म्हणाला.

हो म्हणून निघता आलं असतं. "जाणून लावलं," मी म्हटलं.

त्याने फोन खिशात घातला. "मंग माहा आवाज गेला नोता तं," एवढंच म्हणाला. मी असं का केलं हे त्याने विचारलं नाही. फोन न करता मी त्याचा नकार सांगत होतो, ते मात्र मला तिथेही सांगवलं नाही.

पुढच्या तालमीचा मेसेज त्याला दुपारीच मिळाला. तो डफ घेऊन आला. ढोलकीवाला उठून म्हणाला, "या शाहीर. मांगच्या वर्षी काका एवढे फोन करत होते, तुम्ही सरळ नाहीच म्हनत होते."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. डफाच्या फडक्याची गाठ सोडत म्हणाला, "हो. म्हनत होतो. तब्येत बरी नोती."

आणि त्याने ओळ टाकली. मी मागून झील दिली.

आता तालीम संपली की तो बस धरतो. माझ्या ओसरीवर बसत नाही. बायको विचारते, मी काहीतरी सांगतो. त्याच्या त्या 'हो'चाही मला हेवा वाटला, हे लिहायची लाज वाटते. पार्टीतली माणसं अजून तेच खरं धरून आहेत. म्हणून लिहून ठेवतो. तो कधीच नाही म्हणाला नव्हता. त्या चारही वेळा मी तळ्याच्या पाळीवर बंद फोन कानाला लावून नुसता उभा होतो.