चतुराच्या पंखांवरच्या शिरा

वहिनी, तू गेलीस, म्हणून तुझ्यावर चार ओळी लिहायला घेतल्यात. ‘स्वभाव फार गोड होता’ वगैरे लिहिणार नाही. तू गोड नव्हतीस, नेमकी होतीस. आणि यात मी स्वतःला नणंदच म्हणणार आहे. ‘मी’ म्हटलं की माणूस स्वतःची वकिली करू लागतो.

तर ही वहिनी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी जलरंगात कीटक रंगवायची. चाळीस वर्षं. “हजार झुरळं काढली, पण घरात एक फिरकू दिलं नाही,” असं ऐटीत सांगायची. मुंगीच्या पायावरची लव श्वास रोखून काढायची. सत्तरीत तिच्या नजरेत मधोमध डाग आला. तो पसरत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हा तिने एकच हट्ट धरला : दिसतंय तोवर आपली चित्रं कॉम्प्युटरवर मोठी करून एकदा डोळे भरून पाहायची.

नणंद तिला घेऊन स्कॅनर आणायला गेली. दुकानदाराने दोन काढले. एक जाडजूड, एक पाटीसारखा पातळ.

“कागद सपाट असेल तर पातळ चालेल,” तो म्हणाला. “फुगलेला असेल तर जाडच घ्या. काचेपासून जरा वर उठलेलंही त्याला स्पष्ट दिसतं.”

“माझे फुगलेत हो, पाणी पिऊन पिऊन,” वहिनी म्हणाली.

“अगं, वर पुस्तक ठेवू, बसेल दबून!” नणंद म्हणाली. “हे धूड ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?”

“तिथे जागा आहे खरी,” वहिनी म्हणाली. पण पातळच घेतला.

घरी पहिला मान चतुर किड्याच्या चित्राचा. रंग दुखावेल म्हणून वहिनीने वर पुस्तक काही ठेवू दिलं नाही. चित्र कॉम्प्युटरवर आलं. ती पुढे वाकली.

“वन्सं, पंखांवरच्या शिरा दिसतात का?”

नणंद टेबलाखाली वायरींशी झटत होती. चष्मा स्वयंपाकघरात. मान वर न करता म्हणाली, “दिसतात की! झकास आलंय.”

“मला नाही दिसत,” वहिनी म्हणाली. मग तिने चित्र पाकिटात घातलं, ब्रश धुतले, कपाटात ठेवले आणि कपाट लावून घेतलं.

पंधरा दिवसांनी नणंदेने चष्मा लावून ते चित्र पुन्हा उघडलं. कडेचे पाय लख्ख होते. मधे, कागद फुगला होता तिथे, पंखांचा नुसता धूर.

ती धावतच गेली. “वहिनी, आंधळं मशीन आहे गं, तू नाहीस! शिरा मलाही दिसत नाहीत!”

वहिनी हसली. समजूत काढायला आलेल्याकडे पाहून आजारी माणूस हसतो, तशी. “त्या दिवशी तर दिसत होत्या तुम्हाला.”

नणंदेने तिला विनवलं. एकच इलाज होता : चतुर दुकानात न्यायचा, जाड मशीनवर ठेवायचा आणि तिला दाखवायचा.

“बरं, गुरुवारी जाऊ,” वहिनी म्हणाली. नणंदेचं मन राखायला. गुरुवारी म्हणाली, पुढच्या गुरुवारी. मग डाग पसरला, आणि तिला कोणता वार आहे तेही विचारावंसं वाटेना.

वहिनी, पातळ स्कॅनरचं खोकं अजून दाराशीच आहे. पावती वर चिकटवलेली, चतुर आत दोन पुठ्ठ्यांमध्ये. दुकान चालत दहा मिनिटांवर आहे.