आईच्या हातावरचा विंचू मी काचेवर काढला

हे आत्ताच्या आत्ता लिहिलं नाही तर मी परत घाबरून गप्प बसेन, म्हणून टाइप करत सुटलेय.

दोन वर्षांपूर्वी गोडदेवला आमच्या सोसायटीने जिन्यातल्या मोठ्या खिडकीची काच मला रंगवायला दिली. मी तेव्हा आर्ट स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला! सर सारखे म्हणायचे, मोर-पोपट बस झाले, घरातली जुनी नक्षी घ्या, ती आजची करा. मला लगेच आईच्या हातावरचं गोंदण आठवलं. ठिपक्यांची चौकट, मधे विंचू. तो मी तीन फुटांचा केला, काळ्या आउटलाइनमध्ये निळा आणि नारिंगी. एक ठिपका वाकडा होता, तोही तसाच ठेवला, अस्सल दिसावं म्हणून. आईला विचारलं नाही. सरप्राइज होतं ना, उद्घाटनापर्यंत काच कागदाने झाकलेली!

नारळ फोडला, सगळी बिल्डिंग जिन्यात. आई ऑफिसमधून आली ती वर बघतच राहिली. समोरच्या गुजराती काकींनी पापड लाटताना तिचा हात कधीतरी पाहिला असणार. त्या ओरडल्या, "अरे भाभी, ये तो तुम्हारे हाथवाला बिच्छू! वो टेढ़ा डॉट भी! दिखाओ ना!" आणि आईचा हात ओढून, पदर बाजूला करून, काचेला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण.

घरी आई म्हणाली, "सहा वर्षांची होते. गोंदताना दोन बायांनी दाबून धरलं होतं मला. हात वढला म्हणून तो ठिपका वाकडा झाला, वरून थापड बसली. ऑफिसात इतकी वर्षं झाकतेय मी हे."

"अगं आई, पण ते आर्ट आहे."

"आर्ट तुझं असंल. हात माझा हाय."

मी सेक्रेटरीकाकांकडे पळाले, काच काढा म्हटलं. ते हसले, "वेडी का तू? पार खारी गावातून लोक बघायला येतायत!" शेवटी आईनेच थांबवलं. "काढलीस तर का काढली विचारतील. काय सांगू मग?"

काच आहे तशीच आहे. आई तेव्हापासून मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालते. कणीक मळताना मी किचनमध्ये गेले की पाठ फिरवते. आणि आता सर म्हणतायत, त्या विंचवाची अख्खी सिरीज कर. मला करायचीय, हेच तर वाईट आहे.

तुमच्या हातून कधी घरातल्या माणसाचं असं काही चारचौघांत उघडं पडलंय? मग काय केलंत तुम्ही? सांगा ना.