धुराडं पाडणारी बाई

गॅस आला त्या वर्षी मी स्वयंपाकघरातली चूल आणि तिच्यावरचं धुराडं काढायचं ठरवलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मॅट्रिकच्या मुलीला अभ्यासाला जागा नव्हती. गवंडी ठरवला, भांडी हलवली, टेबलाचं माप घेतलं. ऐन वेळी थोरले दीर चुलीपुढे येऊन उभे राहिले.

"घरची चूल मोडत नसतात," ते म्हणाले. गवंड्यानं घण खाली ठेवला.

त्याच्याबरोबर राडारोडा उचलायला एक बाई आली होती. चाळिशीची, काटक, काष्टा वर खोचलेला. तिनं तंबाखूची चिमूट दाढेला लावली, हात झटकले आणि घण उचलला.

"पावणं, सरा बाजूला. डोळ्यात धूळ जाईल."

"मी हलणार नाही."

"बायांच्या डोळ्यात जलमभर धूर गेला, तवा न्हाय मधी पडला. आता धुळीला कशाला उभं ऱ्हाताय?"

त्यांना वळसा घालून तिनं धुराड्यावर घाव घातला. काजळीचा लोट दिरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. ते खोकत दारापर्यंत गेले आणि तिथून माझ्याकडे बघत राहिले.

मी सगळी तयारी केली होती. त्या नजरेची तेवढी केली नव्हती. बाईनं घण माझ्यापुढे धरला.

"घर तुमचं हाय न्हवं, वैनी? मग धरा की."

मी पदर खोचला. दिरांच्या देखत दुसरा घाव घातला, मग तिसरा.

संध्याकाळी टेबल कोपऱ्यात बसलं. काळ्या भिंतीकडे पाठ करून मुलगी भूमितीला लागली.