कोपरभर खालचं पाणी

क्लोरीनचा वास आला की आजही माझी उजवी बाही आपोआप वर जाते. सिहोऱ्याकडे धानाच्या बांध्यांना लागून एक नवा बंगला होता, मागे निळ्या फरशीचा स्विमिंग पूल, आणि दर आठवड्याला त्याचं पाणी तपासणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी तिथं नातवाचा वाढदिवस निघाला. पोट्टे चड्ड्या घालून काठावर बसले होते, आतून भज्यांचा वास येत होता. मालकीणबाईंनी हसत माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. हसू तसंच राहिलं, फक्त त्या आत जाऊन प्लास्टिकचा मग घेऊन आल्या. “पाण्यात हात नोको टाकू बाई, यानं काढून घे. पोट्टे उतरणार आहेत.” मी मग घेतला आणि फरशीवर पालथा ठेवला. “वरचं क्लोरीन ऊन खाऊन टाकते जी. खरं पाणी कोपरभर खाली असते.” बाही खांद्यापर्यंत सारली आणि त्यांच्याकडे बघत बघत हात बुडवला, अजिबात घाई न करता. नळीत पाणी भरून औषधाचे थेंब टाकले. पिवळा रंग यायला हवा होता, काहीच आला नाही. क्लोरीन नावालाही नव्हतं. “आज यात कोणीच उतरायचं नाही,” मी म्हटलं. “काहून?” त्यांचा आवाज चढला. “पाणी खराब आहे, आणि ते माझ्या हातानं झालं नाही.” आता माझ्याकडे दोन मुली हे काम शिकतात. त्यांच्या तपासणीच्या पेटीत मी सगळं देते, प्लास्टिकचा मग तेवढा देत नाही.