बरा आहे

करवतीने सुतारकाकांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, तेव्हा सरकारी भत्ता सुरू झाला. सहा महिन्यांनी कचेरीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय काका, कसे आहात?" काका जन्मभराच्या सवयीने म्हणाले, "बरा आहे." डॉक्टरांनी कागदावर 'बरा' लिहिलं. भत्ता बंद झाला आणि कामावर रुजू होण्याचा हुकूम आला.

अशा किती जणांना कचेरीने परस्पर बरं करून टाकलं, हे तपासायला आज वरून एक बाई घरी येणार होत्या.

काकूंनी सकाळीच बजावलं, "आज 'बरा' म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे."

"मग काय म्हणू, मेलो?"

"खरं ते सांगा."

बाई आल्या, पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, रंधा मारता येतो का?"

काका हसून काहीतरी टाळणारं बोलणार होते. पण काकूंनी डोळे वटारले.

"नाही बाई," ते म्हणाले. "रंधा दूरच, शर्टाची बटणंही हीच लावते. आणि जी बोटं नाहीत ना, ती रात्री ठणकतात. मी उशीत तोंड खुपसून रडतो, हिची झोप मोडू नये म्हणून."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. भत्ता पुन्हा सुरू होईल, असं त्या म्हणाल्या.

काकूंना ते ऐकूच आलं नाही. बटणांचं त्यांना ठाऊक होतं, उशीचं नव्हतं.